सिताबाईचा जबाब

माझं अक्षर चांगलं आहे, हे लहानपणापासून सांगून सांगून लोकांनी माझं वाटोळं केलं.

आमच्या गावचा मी सव्वीस वर्षं पोलीस पाटील आहे. बेंबळीच्या बाजाराला जाणाऱ्या कुणालाही विचारा, रामहरी पाटलाचा कागद साहेबलोक कधी परत पाठवत नाहीत. जन्म, मरण, भांडण, चोरी, गावात कुणी परका येऊन राहिलाय का, सगळं मीच लिहितो. पण लिहिता लिहिता माणसाला एक खोड लागते. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तो काय म्हणणार हे आपल्याला ठाऊक आहे, असं वाटायला लागतं. माझी ही खोड सिताबाईला भोवली. कुणी विचारायच्या आत आपणच सांगितलेलं बरं, म्हणून हे लिहायला बसलोय.

सिताबाई आणि रामकिसन यांना दोन लेकरं. शिवांजली एकोणीस वर्षांची, येडशीला कॉलेजात जायची. शिवराज अकराचा. आमच्याच गल्लीतल्या धुरपदाबाईचा मुलगा कुलदीप त्या पोरीच्या मागं लागला. पोरीनं दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा चारचौघांत सुनावलं. अकरा वर्षांपूर्वी, पौषातल्या भर दुपारी, तुरीच्या शेतात विहिरीपाशी त्यानं तिला कोयत्यानं मारलं. शिवराज मध्ये पडला, तोही गेला. दिवस मावळायच्या आत कुलदीप स्वतःच ठाण्यात जाऊन बसला. पंचनाम्याला मी होतो. खालचं कोर्ट, वरचं कोर्ट, दिल्लीचं कोर्ट, सगळीकडं एकच निकाल लागला, फाशी. रामकिसन पहिला निकाल ऐकायलाही राहिला नाही. त्यानं जे अंथरूण धरलं ते सोडलंच नाही.

धुरपदाबाई आधीपासूनच विधवा, कुलदीप तिचा एकुलता एक. तिला गावानं वाळीत टाकलं असं म्हणता येणार नाही. तसा ठराव झाला नाही की कुणी तोंडानं म्हणालं नाही. फक्त ती नळावर आली की बाकीच्या बायकांच्या घागरी आधीच भरलेल्या असायच्या. मग ती उन्हाच्या वेळी, नळावर कुणी नसताना पाण्याला यायला लागली. तिच्या आणि सिताबाईच्या दारात पाच घरांचं अंतर, पण अकरा वर्षांत दोघींत एक शब्द झाला नव्हता.

कोर्टं संपली तसा उरला तो राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज. तो धुरपदाबाईच्या वतीनं धाराशिवच्या दीपाली वकीलबाईंनी केला, एक पैसा न घेता. अर्ज गेल्याचं गावात कळलं आणि पारावर आग लागली. त्याच दिवसांत टीव्हीवर माफीवरून रोज संध्याकाळी रणकंदन चाललेलं असायचं. कुठंतरी कुणा वजनदार माणसाच्या पोराची शिक्षा कमी झाली होती आणि त्याला हार घालून मिरवत घरी नेलं होतं. ते बघून एक जण म्हणायचा, ‘मोठ्याला माफी आन् गरिबाला फासी, ह्यो कुठला न्याय?’ दुसरा म्हणायचा, ‘मग ह्यालाबी माफी द्यावी म्हणतो का?’ आणि तिसरा काही बोलायच्या आत दोघंही त्याच्यावरच तुटून पडायचे. ग्रामसभेत हात वर झाले, ठराव झाला, दया नको. ठराव अर्थात मीच लिहिला.

माझं मत लपलेलं नव्हतं. ‘ज्याला कुणाला दया दाखवायची त्यानं आधी आमच्या तुरीत येऊन जावं,’ असं मी पारावर म्हणालो आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

एक दिवस दीपाली वकीलबाई माझ्या घरी आल्या. तिशीतली पोर, स्कूटीवरून धुळीनं माखून आली होती. चहा घेतला आणि सरळ मुद्द्यावर आली.

“पाटील, वरून विचारणा होईल. मयताच्या घरच्यांचं म्हणणं काय, गावचं म्हणणं काय. सिताबाई काय म्हणतात ते महत्त्वाचं आहे.”

“त्या काय म्हणणार? दोन लेकरं गेली त्यांची.”

“तेच तर. कुणी विचारलंय का त्यांना?”

“आमच्याकडं असं आहे मॅडम,” मी म्हणालो, “की हे विचारावं लागत नाही.”

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “फाशीच हवी म्हणाल्या तर तसं लिहा. मी वकील दुसऱ्या बाजूची आहे, पण मला त्याचा राग येणार नाही. फक्त त्यांना एकटीला विचारा. घरातला कुणी पुरुष समोर नको. एवढं कराल?”

करतो म्हणालो. म्हणायला काय जातंय.

पंधरा दिवसांनी ठाण्यातून जमादार कागद घेऊन आला. “पाटील, तुमीच लिवा. तुमचं अक्षर चांगलंय, वर जायाचंय ह्ये.” आम्ही दोघं गोरोबाच्या ओसरीवर जाऊन बसलो. गोरोबा म्हणजे रामकिसनचा थोरला भाऊ, सिताबाईचा भासरा. रामकिसन गेल्यापासून दोन्ही घरांचं बोलणं तोच करायचा. आता आमच्याकडची रीत अशी की भासऱ्यापुढं बाई येत नाही, बोलत नाही. दाराआड उभी राहते, फार तर बांगडी वाजवते. शहरातल्यांना हसू येईल, पण सिताबाई लग्न होऊन आली त्याला बत्तीस वर्षं झाली, आणि या बत्तीस वर्षांत तिनं गोरोबाला तोंड दाखवलं नव्हतं की त्यानं तिचा आवाज धड ऐकला नव्हता.

ओसरीवर बसतानाच मला वकीलबाईचं बोलणं आठवलं. नाही असं नाही. पण गोरोबाला ‘तुमी जरा उठून जावा’ असं त्याच्याच ओसरीवर कसं म्हणायचं? मीही याच गावात मरणार आहे.

“लिवा,” गोरोबा म्हणाला. “आमच्या घरचं एकच म्हणणं. फासी.”

मी लिहिलं. ‘मी मयतांची आई सिताबाई, समक्ष विचारल्यावरून सांगते की, आरोपीस कोणतीही दया दाखविण्यास माझी सक्त हरकत आहे.’ पुढं दोन ओळी माझ्या पदरच्या घातल्या, आईचं काळीज वगैरे. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. जमादाराच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा मला आतून अभिमान वाटला.

सिताबाई दाराआड उभी होती. पदराचा काठ दिसत होता. वाचून झाल्यावर आतून हलकेच आवाज आला, “पाटील, जरा...”

गोरोबा खाकरला.

आवाज थांबला. मी ऐकलं होतं. जमादारानंही ऐकलं असणार. आम्ही दोघांनी चहाच्या कपात बघितलं. गोरोबाच्या बायकोनं कागद आत नेला. बराच वेळ लागला. परत आला तेव्हा खाली सही होती, चौथी शिकलेल्या बाईची, सुटी सुटी अक्षरं. मी कागदाची घडी घातली आणि जमादाराच्या हातात दिली.

सात महिन्यांनी अर्ज फेटाळल्याचं कळलं. त्यावर वकीलबाईंनी पुन्हा दिल्ली गाठली, तिथंही दार बंद झालं. पुण्याच्या तुरुंगातून धुरपदाबाईला पत्र आलं. त्यात तारीख होती. पारावर कुणीतरी पेढे आणले. मीही एक उचलला, तोंडात टाकला, आणि का कुणास ठाऊक, तो गिळता गिळेना.

माझ्या कागदामुळं फाशी झाली असं मी म्हणणार नाही. कोंबडं आरवलं म्हणून उजाडत नाही, एवढं मला कळतं. तीन कोर्टांनी जे ठरवलं ते गावच्या पाटलाच्या चिटोऱ्यानं बदललं असतं असंही नाही. पण पुढं काय झालं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी मी शेतात ज्वारी राखायला बसलो होतो. सिताबाई बांधावरून एकटी आली. डोक्यावर पदर, हातात काही नाही. कामाला निघालेली बाई अशी रिकाम्या हातानं येत नाही. मी उठून उभा राहिलो.

“पाटील, तारीख आली म्हनं.”

“व्हय वैनी. पुढल्या बुधवारी.”

“मला न्या तितं.”

मला वाटलं, हिला फाशी बघायची आहे. म्हणालो, “वैनी, त्ये कुणाला बघू देत न्हायत.”

“बघायचं न्हाय मला. इचारायचंय.” ती बांधावर टेकली. तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “माझी पोरगी शेवटाला काय बोलली, येवढंच इचारायचंय. पानी मागितलं का. मला हाक मारली का. लई वेळ तळमळली, का लगेच गेली. अकरा वर्सं झाली पाटील. कोर्टात समद्यांनी समदं इचारलं. कुनी मारलं, कशानं मारलं, किती वाजलं व्हतं. ह्ये कुनी न्हाय इचारलं. तितं त्येच्याबिगर कुनी न्हवतं. त्यो गेला की मला सांगायला कोन ऱ्हातंय?”

मी हातातली गोफण खाली ठेवली. 

“त्या दिशी तुमाला ह्येच सांगायचं व्हतं. त्येला सोडा म्हनून न्हाय, लटकवा म्हनूनबी न्हाय. आदी मला इचारू द्या, मंग तुमचं काय आसंल ते करा.”

“मग वैनी,” मी विचारलं, “सही का केलीत?”

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. “थोरलं मालक बसलं व्हतं की. तुमी उठून आत आला आसता तर सांगितलं आसतं. म्या हाक मारली व्हती.”

ती गेल्यावर मी ज्वारीत बसून रडलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पाखरं येऊन कणसं खात होती, उठून हाकलायचं भान नव्हतं.

त्याच दिवशी मी धुरपदाबाईच्या घरी गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या उंबऱ्यात पाय ठेवला. तिला सगळं सांगितलं, माझ्या कागदासकट. मला वाटलं ती शिव्या देईल, द्यायलाच हव्या होत्या. ती फक्त म्हणाली, “येऊ द्या तिला. माझी ना न्हाय.” वकीलबाईंना फोन केला. मी काय केलं तेही सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “अर्ज करते. पण शेवटची भेट फक्त नातेवाइकांना देतात. आशा ठेवू नका.” त्यांना मला बरंच काही म्हणता आलं असतं.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. गोरोबाला मी स्वतः जाऊन सांगितलं, की वैनीला पुण्याला नेतोय. त्यानं कारण विचारलं, मी तेही सांगितलं. तो खाकरला, पण पुढं काही बोलला नाही. गाडीत सिताबाई कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसली, धुरपदाबाई अगदी शेवटच्या बाकावर. मी मध्ये. बार्शी गेली, टेंभुर्णी गेली, उन्हं चढली. टेंभुर्णीला मी दोघींसाठी चहा आणला. सिताबाईनं घेतला. धुरपदाबाईनं नको म्हणून मान हलवली. तिच्या मांडीवर एक पिशवी होती, तिच्यात धपाटी होती. ती आत नेऊ देणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मी तिला तसं सांगितलं नाही.

तुरुंगाच्या दारात वकीलबाई आधीच येऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आतला अधिकारी माणूस चांगला होता, बाहेर येऊन आमच्याशी उभ्याउभ्या बोलला. “मावशी, मला तुमचं दुःख कळतंय. पण मयताच्या नातेवाइकाला कैद्यापुढं नेता येत नाही. तसा नियम आहे. फक्त आईला सोडतो. वीस मिनिटं.”

सिताबाई पदराचं टोक तोंडात धरून भिंतीकडं बघत उभी राहिली. सहा तास बसून आलेली बाई, आता पुन्हा सहा तास बसून तशीच जाणार. मला त्या नियमाची, तो नियम करणाऱ्याची आणि सगळ्यात जास्त माझी स्वतःची चीड आली.

धुरपदाबाई दोन पावलं आत गेली होती. तिथून ती मागं फिरली. सिताबाईच्या समोर येऊन उभी राहिली.

“काय इचारायचंय त्ये मला सांग,” ती म्हणाली. “म्या इचारते.”

अकरा वर्षांतला तो पहिला शब्द. वकीलबाईंनी तोंड फिरवलं. मला पुढं व्हावंसं वाटलं, सांगावंसं वाटलं की नको, धुरपदाबाई, ही तुमची शेवटची वीस मिनिटं आहेत, त्यात पोराला हे विचारू नका, दुसरं काहीही बोला. पण ते सांगणारा मी कोण? सिताबाई जरा घुटमळली. मग तिच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. मी मुद्दाम लांब सरकलो. धुरपदाबाईनं मान डोलावली, पिशवी माझ्या हातात दिली आणि आत गेली.

आम्ही रस्त्याच्या कडेला लिंबाच्या सावलीत बसलो. समोरून गाड्या चालल्या होत्या, कॉलेजची पोरं हसत खिदळत चालली होती, आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता. सिताबाई दाराकडं टक लावून बसली होती. वीस मिनिटं म्हणजे किती वेळ असतो हे मला त्या दिवशी कळलं.

धुरपदाबाई बाहेर आली. चालत आली, पण पाय कुठं पडतोय हे तिला दिसत नव्हतं. वकीलबाईंनी तिला धरून खाली बसवलं. तिनं श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि सिताबाईचा हात धरला.

“इचारलं,” ती म्हणाली. “न्हाय बोलली काय. पैल्याच घावाला गेली म्हनला. तळमळली न्हाय, काय न्हाय. तिला कळलंबी न्हाय.”

“आन् शिवराज?”

“त्योबी तसाच.”

सिताबाई तिच्याकडं बघत राहिली. मग हळूच माझ्याकडं वळली. “पाटील, तुमी पंचनाम्याला व्हता. तुमी बघितलंय. असंच झालं आसंल न्हवं?”

पंचनामा माझ्याच अक्षरात आहे. विहिरीपासून शिवराज पडला होता तिथवर बावीस पावलं. त्या बावीस पावलांत शिवांजली जखमी अंगानं सरपटत गेल्याची मातीत खूण होती, आणि तुरीची झाडं दोन्ही हातांनी धरून धरून मोडलेली. तिची ओढणी शिवराजच्या मानेवरच्या घावावर घट्ट बांधलेली होती, दोन गाठी मारून. तिला कळलं होतं. सगळं कळलं होतं. आम्ही गावकऱ्यांनी त्या दिवशी सिताबाईला शेतात जाऊच दिलं नाही, लेकरं पांढऱ्या कपड्यात गुंडाळूनच घरी आणली. पुढं कोर्टातही तिला तिच्या साक्षीपुरतंच नेलं. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी धुरपदाबाईकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. कोर्टाच्या एकाही तारखेला ती चुकली नव्हती, मागच्या बाकावर बसून पंचनामा तिनं शब्दन् शब्द ऐकला होता. तिनं आत लेकाला काय विचारलं, त्यानं काय सांगितलं, का तिनं काही विचारलंच नाही, हे मला आजवर ठाऊक नाही. मी विचारणारही नाही.

“व्हय वैनी,” मी म्हणालो. “असंच व्हतं.”

सिताबाईनं डोळे मिटले. तिच्या छातीतून एक लांब श्वास आला, अकरा वर्षं धरून ठेवलेला.  मग पदरानं तोंड पुसलं आणि धुरपदाबाईच्या पाठीवर हात ठेवला.

“उठा आक्का,” ती म्हणाली. “सकाळधरनं तुमी पानीबी पेला न्हाईत.”